चारूचे न उघडलेले बॉक्स

शाळेचे प्रोजेक्ट मुलांसाठी असतात असं ज्यांना वाटतं, त्यांना एक तर मुलं नसतात किंवा त्यांची बायको फार सोशिक असते. प्रोजेक्ट आईसाठी असतो. आमच्या चंदीगडला सेक्टर बावीसच्या बाजारात तर तयार ज्वालामुखी विकत मिळतो, लाव्हा वेगळ्या पिशवीत बांधून देतात. मी मात्र तत्त्वाची बाई. विकत काही आणणार नाही, असं ठरवून मी माझ्या सुश्रुतसाठी ‘टाकाऊतून टिकाऊ’ मोर स्वतः बनवला. मोहालीतलं ऑफिस सांभाळून, बाटल्यांची झाकणं आणि जुन्या सीडी चिकटवून, चांगला फूटभर पिसारा केला. तिसरीतल्या सुश्रुतचं काम एवढंच होतं की मी मागितली की कात्री द्यायची.

पालकसभेत त्याच्या नव्या चित्रकलेच्या मॅडमनी तो मोर चारही बाजूंनी पाहिला. मग ड्रॉवरमधून सोनेरी स्टार काढला आणि माझ्या मनगटावर चिकटवला. “बहुत सुंदर बना है. आपका हो गया. अब सुश्रुत का कब आएगा?”

आजूबाजूला चार आया उभ्या होत्या. माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की तोंडातून अस्सल नागपुरी बाहेर पडलं, “बाप्पा! काय बाई आहे ही!”

मॅडमचा चेहरा एकदम उजळला. “अगं, मराठी हाईस होय? मग आधी सांगायचं की!”

अशी माझी आणि चारुशीला खराडेची ओळख झाली. तो स्टार मी रागानं काढून टाकणार होते. तो दोन दिवस मनगटावरच राहिला, कारण खरं सांगायचं तर शाळा सुटल्यापासून मला कोणी स्टार दिला नव्हता.

चारू कोल्हापूरची. तिथल्या बायकांसारखी ‘मी येतो’, ‘मी जातो’ असंच बोलते. सुश्रुतला घरच्या मराठीत बाई ‘येते’ म्हणते एवढं कळतं, बोलतो मात्र हिंदीच. त्यानं मला गंभीरपणे विचारलं होतं, “मैम अपने आप को अंकल क्यों बोलती हैं?” तिचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. ते अक्षरांची रेघ मारून द्यायचे आणि लहानगी चारू आत रंग भरायची. पुढे ती चित्रकला शिक्षिकेचा कोर्स करून नोकरी शोधत होती, तेवढ्यात हवाई दलातल्या अंबरीशचं स्थळ आलं. अंबरीश विमानांच्या इंजिनांवर काम करतो. त्याची बदली जिथे होईल तिथे चारू जवळची शाळा गाठते आणि पहिली ते पाचवीच्या पोरांना चित्रकला आणि हस्तकला शिकवते. नोकरी नेहमी तात्पुरती. कुठलाही वर्ग तिनं तिसरीत घेतला आणि पाचवीत सोडला असं कधी झालं नाही. मधेच पोस्टिंग येतं.

वर्गात तिचे दोन नियम. एक, मुलाच्या कागदाला मोठ्या माणसानं हात लावायचा नाही. ती स्वतः बाकांमधून फिरते तेव्हा दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरलेले असतात, नाहीतर म्हणे बोटं आपोआप दुरुस्त्या करायला धावतात. दुसरा, आपण काय बनवलंय ते मुलानं सांगत सुटायचं नाही. बघणाऱ्याला बघू दे. तिला प्रश्न विचारायचा असेल तर ती विचारते, आणि तो खरा विचारते. एका पोरानं हिरवा हत्ती काढला. ती म्हणाली, “ये हरा कब हुआ?” पोरगं म्हणालं, “जंगल में रहते-रहते.” हे तिनं मला फोन करून सांगितलं होतं. मी मीटिंगमध्ये होते आणि आमचा अमेरिकेतला क्लायंट ‘का हसताय?’ म्हणून मला विचारत होता.

तिच्या घरी मी पहिल्यांदा गेले ती मे महिन्यात. हवाई दलाच्या वसाहतीतलं क्वार्टर, बाहेर एक भलंमोठं जांभळाचं झाड, आणि आत फर्निचर म्हणून नुसते बॉक्स. काळे रंगवलेले, लोखंडी पट्ट्यांचे, कुलूप लावलेले. दोन बॉक्स शेजारी ठेवून वर गादी टाकली की दिवाण. एकावर टीव्ही. एकावर चहाचा ट्रे. फौजी घरांत असंच असतं, हे मला माहीत नव्हतं. प्रत्येक बॉक्सच्या बाजूला पांढऱ्या रंगात ‘खराडे’ आणि खाली ‘चंदीगड’. अक्षरं इतकी देखणी की पाटीवाल्याची लेक लगेच ओळखू यावी. खिडकीतून तिरका उजेड आला की चंदीगडच्या काळ्या रंगाखाली पुसलेलं जोरहाट दिसायचं, आणि त्याच्याही खाली भूज. साधे पुठ्ठ्याचे खोकेसुद्धा तिनं उरलेल्या काळ्या रंगानं रंगवून टाकले होते. “उघडं खोकं बघवत न्हाई मला,” म्हणाली.

“आत काय आहे?” मी विचारलं.

“संसार.”

“मग काढत काऊन नाही बाहेर?”

तिनं चहा ढवळला. “भूजला काढला. जोरहाटला तर सगळाच काढला. पडदे, तोरणं, भिंतीवर फ्रेमा, अंगणात जास्वंद लावली. वर्ष झालं नाही तोवर पोस्टिंग. सगळं उतरवून परत भरलो. शेवटचा खिळा काढताना रडाय आलं गं. हितं न्हाई उघडणार. भांडी, कपडे, अंथरुणं, बास.”

मला नको तिथं नाक खुपसायची सवय आहे. लिफ्टमध्ये शेजाऱ्यांच्या पार्सलवरचे पत्तेसुद्धा मी वाचते. अशा बाईनं एका बंद बॉक्सवर बसून चहा प्यायचा, आणि आपण कशावर बसलोय ते विचारायचं नाही, म्हणजे शिक्षाच. दर भेटीत मी कुठल्या तरी बॉक्सवर टकटक करून पाहायचे. चारू हसायची, किल्ली काही द्यायची नाही.

तिची मुलगी क्षितिजा सुश्रुतच्याच वर्गात. शांत, टापटीप, ‘नमस्ते आंटी’ म्हणून हात जोडणारी पोर. मराठी सगळं कळायचं, उत्तर हिंदीत यायचं. शाळेत आईला ती ‘मैम’ म्हणायची, नियम म्हणजे नियम. जोरहाटला असताना ही पोरगी वह्यांच्या समासात, बाथरूमच्या फरशांवर, दुधाच्या हिशेबाच्या कॅलेंडरवर, मिळेल तिथं चित्रं काढायची. चंदीगडला आल्यापासून तिनं काही म्हणजे काही काढलं नव्हतं. नव्या रंगपेटीवरचं प्लास्टिकसुद्धा तसंच. चित्रकलेच्या तासाला कागद मिळाला की ती पट्टीनं चारही बाजूंनी सुबक चौकट आखायची, कोपऱ्यात नाव लिहायची आणि कोरा कागद आईच्या टेबलावर ठेवून यायची.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. चारू हसतमुख बाई, पण हे सांगताना ती कपात चमचा फिरवतच राहिली. “दुसऱ्यांची पोरं रंगात लोळतात माझ्या तासाला. आणि माझीच पोरगी कागदाला हात लावंना. मला भीती वाटाय लागलीय लीना. हिच्या आतलं काहीतरी आम्ही जोरहाटलाच ठेवून आलोय का काय?”

“विचार ना सरळ.”

“विचारलो की. म्हणती, ‘मन नहीं है.’ जास्त विचारलं तर उगंच काहीतरी मला खूश कराय काढून देईल. तसलं नको मला.”

जानेवारीतली धुक्याची सुट्टी संपून शाळा पुन्हा सुरू झाली, तेव्हा चारूनं तिसरीला विषय दिला ‘माझं घर’. फेब्रुवारीच्या अखेरीला शाळेचं प्रदर्शन असतं. आधी नुसतं कागदावर काढायला सांगितलं. सगळ्या वर्गानं तेच काढलं, जे मी नागपुरात काढायचे आणि चारू कोल्हापुरात: दोन डोंगर, मधून सूर्य, एक नदी, काठावर झोपडी. डोंगरांना तिनं माफ केलं, कारण पाऊस पडून हवा स्वच्छ झाली की शाळेच्या गच्चीवरून कसौलीचे डोंगर खरंच दिसतात. पण झोपडी? “इसमें कौन रहता है?” तिनं विचारलं. पोरं एकमेकांकडे बघू लागली. एवढी वर्षं झोपडी काढत होती, आत कोण राहतं हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मग तिनं त्यांना घरी पाठवलं, बघायला. दार उघडताना कसा आवाज येतो? आई रागावली की तुम्ही कुठे जाऊन बसता? घरातली सगळ्यात महत्त्वाची जागा कोणती? ती जागा बनवून आणा, कशाचीही बनवा. पालकांना वेगळा निरोप आला की जो हात लावेल त्याचंच नाव लेबलवर लिहिलं जाईल. हा निरोप कोणासाठी होता ते मला बरोबर कळलं.

प्रोजेक्ट यायला लागले तशी चारू रोज संध्याकाळी फोन करायची. हरलीन नावाच्या मुलीनं घर बनवलंच नाही, नुसता जिना बनवला, कारण हिवाळ्यात तिची दादी उन्हाला पायरीवर बसते. आमच्या चिरंजीवांनी बुटांच्या खोक्याची मोठ्ठी लिफ्ट केली, सगळ्या बटणांसकट, आणि वर काडेपेटीएवढा फ्लॅट. फ्लॅटमध्ये एक बाई, पाठमोरी, डोक्यावर हेडफोन. “माझा चेहरा कुठाय?” मी विचारलं. सुश्रुत म्हणाला, “आप मीटिंग में हो ना.” एरवी मी कोणाचं ऐकून घेत नाही. त्या दिवशी ऐकून घेतलं.

“सगळ्यांना वाटतंय मी हा विषय वर्गासाठी काढलाय,” चारू एकदा म्हणाली. “मी एकीसाठीच काढलाय. तिनं एक काहीतरी करावं. वाईट का असेना, तिचं तिनं करावं.”

आणि ती एकटीच काही आणत नव्हती. चारूनं आठवडाभर दम धरला. मग विचारलं. क्षितिजा म्हणाली, “बना दिया.” कुठाय? “आर्ट रूम में रख दिया.” चारूनं आर्ट रूम पालथी घातली. कपाटं बघितली, टेबलाखाली बघितलं, शिपायाला विचारलं. काही नाही. पुन्हा विचारलं, कसं दिसतं ते? पोरगी म्हणाली, “घर जैसा.” याहून जास्त बोलेना.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी चारूचा तोल गेला. भर वर्गात म्हणाली, “झूठ मत बोलो, क्षितिजा. नहीं बनाया तो बोलो, नहीं बनाया.”

क्षितिजा उभी राहिली, “जी मैम” म्हणाली आणि बसली.

त्या संध्याकाळी चारू फोनवर ढसाढसा रडली. “सगळ्यांसमोर बोललो गं मी. दुसऱ्या कुणाच्या पोराला असं कधी बोललो असतो का? आणि घरी आल्यावर जेवायला बोलावलं तरी मला ‘जी मैम’च म्हणाली.” मला चारूचा राग आला होता, त्या पोरीचाही आला होता, आणि कोणावर काढावा ते कळत नव्हतं. मी नवऱ्यावर, अनिमेषवर काढला. त्याचा यात काही संबंध नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकून मदतीला गेले. टेबलांवर पांढरे कागद अंथरले होते, तिसरीची सगळी घरं ओळीनं मांडली होती. जिना, लिफ्ट, पाण्याची टाकी, एकाची नुसती बाल्कनी. खिडकीजवळच्या टेबलावर मात्र फक्त एक लेबल होतं, ‘क्षितिजा खराडे, तीसरी’, आणि मागे मोकळी जागा.

“हे कशाला ठेवलंय?” मी विचारलं.

“राहू दे. जागा तिची हाय.” चारू रात्रभर झोपली नसावी. “तू चिकटपट्टी आण जरा. कोपऱ्यात माझे काळे बॉक्स हाईत बघ, त्यात असेल.”

कोपऱ्यात तीन खोके होते. पुठ्ठ्याचे, काळे रंगवलेले, बाजूला पांढऱ्या अक्षरांत ‘खराडे’. चारू घरून सामान अशाच खोक्यांतून आणायची. मी पुढचा उघडला. वर कात्र्या, फेविकॉलची बाटली, आइस्क्रीमच्या काड्या, लोकरीचे गुंडे. चिकटपट्टी लगेच सापडली. पण मी थांबले नाही. नऊ-दहा महिने मी या बाईच्या बॉक्सांवर बसत होते आणि आज एक बॉक्स उघडायची तिनं स्वतः परवानगी दिली होती! मी लोकर काढली, काड्या काढल्या, कात्र्या काढल्या. तळाला लाल फरशी दिसली. एकेक चौकोन रंगवलेला.

मी खोका उजेडात ओढला. आतल्या एका भिंतीवर पिवळं ऊन होतं, सपाट जमीन, आणि वाऱ्यानं आडवे झालेले दोरीवरचे कपडे. दुसऱ्या भिंतीवर हिरवा पाऊस, खिडकीत बांबूची लॅम्पशेड, दारात जास्वंद आणि एका छत्रीत दोन मुली. तिसरीवर दुकानाच्या अर्धवट रंगवलेल्या पाट्या आणि स्टुलावर एक म्हातारा माणूस, हातात ब्रश. चौथी भिंत कोरी. पांढरा कागद नीट चिकटवलेला, चारही बाजूंनी पट्टीनं आखलेली चौकट, बास. मग मी बाहेरून पाहिलं. ‘खराडे’मधला ‘डे’ जरा घसरला होता. खाली काळ्या रंगातून पुसलेलं भूज दिसत होतं, पुसलेलं जोरहाट दिसत होतं, आणि वर ताजं चंदीगड.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! आर्ट रूम पालथी घालणारी ही बाई रोज त्याच घरात कात्र्या ठेवत होती. पण तिला तरी काय म्हणायचं? ज्या घरात बसायला बॉक्स, खायला बॉक्स, तिथं आणखी एक काळा बॉक्स दिसला तर त्याच्याकडे कोण बघतंय?

“चारू!” मी ओरडले. “इकडे ये! काय करून राहिली तू आठवडाभर? पोरीच्या घरात कात्र्या कोंबून राहिली!”

ती आली. गुडघ्यांवर बसली. सवयीनं तिचे दोन्ही हात पाठीमागे गेले आणि तिथंच घट्ट धरलेले राहिले. ती बराच वेळ एकेक भिंत बघत होती. म्हातारबाबांच्या, म्हणजे आपल्या वडिलांच्या भिंतीपाशी आली तेव्हा ती आणखी खाली वाकली. हिरव्या पावसावर फेविकॉलच्या बाटलीच्या बुडाचा गोल डाग उमटला होता. तो बघून तिनं डोळे मिटले.

पालक यायला थोडाच वेळ होता. वर्ग बाहेर रांगेत उभा होता. चारूनं सगळ्यांनाच आत बोलावलं आणि सगळ्यांसमोर क्षितिजाला म्हणाली, “कल मैंने गलत कहा था. तुमने सच बोला था, मैंने देखा ही नहीं. मुझे माफ करो.”

 सुश्रुत माझ्याकडे बघत होता, मोठी माणसं अशी माफी मागतात का, हे तपासत. क्षितिजा खोक्यापाशी आली, वाकून तिनं आधी आपलं घर नीट तपासलं. गोल डागावर बोट फिरवलं.

“कोई बात नहीं,” म्हणाली. “वहाँ तो वैसे भी बारिश होती थी.”

“तू सांगितलं का नाहीस गं, हाच बॉक्स म्हणून?” मला राहवलं नाही.

तिनं आईकडे बोट दाखवलं. “मैम ने बोला था, बताना नहीं. देखने वाले को देखने दो.”

चारूनं कोऱ्या भिंतीकडे बघितलं. मग ती इतर कोणत्याही पोराला विचारते तसंच तिनं विचारलं, खरंखुरं, उत्तर माहीत नसताना. “और ये वाली दीवार?”

“ये चंडीगढ़ है.”

“इसमें कुछ नहीं है.”

“यहाँ का घर तो अभी खुला ही नहीं, मम्मा,” क्षितिजा म्हणाली. “वो तो सब बॉक्स में है. मैं देखूँगी तब बनाऊँगी ना.”

शाळेत ‘मम्मा’ म्हणायचं नाही हे ती विसरली होती. चारूनंही तिला आठवण करून दिली नाही.   पोरीच्या आतलं काहीही जोरहाटला राहिलेलं नव्हतं. ती फक्त आईनं किल्ली काढायची वाट बघत होती.

खोका झाकण उघडून खिडकीजवळच्या टेबलावर गेला. आलेल्या पालकांपैकी बऱ्याच जणांना तो सामानाचा खोकाच वाटला. एका गृहस्थांनी चहाचा रिकामा कागदी कप त्यात टाकला. चारूनं तो शांतपणे काढला, पण हे घर आहे असं सांगितलं नाही. हात मागे बांधून ती बाजूला उभी राहिली. कोणी वाकून आत बघायचा, मग थांबायचा, मग दुसऱ्याला हाक मारायचा.

पुढच्या रविवारी मी वसाहतीत गेले तर क्वार्टरच्या खिडकीला पडदे. दार उघडंच होतं. दिवाण मोडला होता, टीव्ही जमिनीवर होता, आणि सगळे, अगदी सगळे बॉक्स झाकणं वर करून बसले होते. मी चप्पल काढायच्या आधीच पहिल्या बॉक्सात डोकं घातलं. भूजची आरशांची तोरणं होती, बांबूची लॅम्पशेड होती, जुन्या लुगड्यात गुंडाळलेले चारूच्या वडिलांचे ब्रश होते, आणि एका बॉक्सभर नुसती क्षितिजाची चित्रं, कॅलेंडरच्या पानांसकट. मी सगळं उलटंपालटं करून पाहिलं. इतकं समाधान मला दिवाळीच्या बोनसनंही झालं नव्हतं.

“आणि उद्या पोस्टिंग आलं तर?” मी विचारलं.

“आलं तर भरू की परत,” चारू म्हणाली. “भरायला हात हाईत.”

तिच्या हातात हातोडी होती, ओठांत खिळा. क्षितिजा भिंतीपाशी उभी होती. खिळा कुठं ठोकायचा ते तिनं ठरवायचं होतं. तिनं आपल्या नाकासमोर बोट ठेवलं, माझ्या कमरेच्या जरा वर. मी म्हणणार होते, अगं, चित्र एवढं खाली कोणी लावतं का? चारूनं तिथंच ठोकला, आणि क्षितिजानं त्यावर चित्र अडकवलं.

बघायला मला वाकावं लागलं. पट्टीनं आखलेल्या चौकटीत हीच खोली होती, झाकणं उघडी असलेले बॉक्स होते, बाहेर जांभळाचं झाड होतं. मधोमध चारू उभी होती. तिचे दोन्ही हात पुढे होते, चांगले मोठे काढलेले, आणि त्या हातांत पडदा होता.